आधी खराटा, मग साक्ष

भाऊ, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. काही चुकीचं समजले असेन तर तुम्हाला लगेच कळेल, आणि इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३७. यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. दोन हंगाम पाठोपाठ बुडाले, सोसायटीचं आणि एका खाजगी सावकाराचं देणं वाढत गेलं, आणि गेल्या भादव्यात तुम्ही फवारणीचं औषध प्यायलात. अकरा दिवस सरकारी दवाखान्यात होतात. वाचलात. बायकोचं माहेर ख्रिस्ती, आता तिच्यासोबत तुम्हीही रविवारी उपासनेला जाता. तिथे सगळे म्हणतात, देवाने वाचवलं त्याअर्थी त्याचा काहीतरी हेतू आहे. दर सभेत तुम्हाला पुढे बोलावतात, साक्ष द्यायला लावतात, म्हणजे देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला. मंडळीतले एक ज्येष्ठ म्हणाले, हे सगळं पूर्वजांच्या पापामुळे झालं. तुमच्या मनात शेत मक्त्याने देऊन मंडळीच्या पूर्णवेळ सेवेत जायचं चाललंय, आणि तुम्ही विचारता, "मी वाचलो तो कशासाठी, आणि सेवेची सुरुवात कुठून करू?"

मग शेवटी, कोणी बघू नये अशा बेताने लिहिल्यासारख्या तीन ओळी. दवाखान्याने दिलेल्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद, कारण कुणी म्हणालं की गोळी खाणं म्हणजे विश्वास कमी. रात्री झोप नाही. आणि बायको रात्री उठून तुमच्या नाकापाशी हात धरून बघते.

मी उत्तर या तीन ओळींपासून सुरू करणार आहे. हेतूचं नंतर बघू. तो कुठे पळून जात नाही.

मी नर्स आहे. मिशनच्या दवाखान्यांत एकतीस वर्षं काढली, त्यातली नऊ कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात. निवृत्तीनंतर आमच्या मंडळीतल्या चार-पाच बायांना घेऊन तालुक्यातल्या गावांत घरभेटी करते. कर्ता माणूस गेलेली घरं, किंवा तुमच्यासारखी, जिथे तो जाता जाता राहिला. भादवा-आश्विनात वॉर्डात विषबाधेवरच्या ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांचे डबे मोजत किती रात्री काढल्या त्याचा हिशोब नाही. २०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात नुसत्या फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हा आम्ही सगळ्या जणी पेपर वाचत नव्हतो, कारण पेपरात येण्याच्या आधीच गावातून कळत होतं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. तुम्ही ज्या खाटेवर होतात त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला मी उभी असायची, एवढंच सांगायचंय.

तर गोळ्या. बंद केल्यात ते कुणालाही न विचारता केलंत; आता सुरूही स्वतःच्या मनाने करू नका. डिस्चार्जचा कागद घ्या आणि ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याकडे, नाहीतर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. दोन महिन्यांचा खंड पडलाय हे स्पष्ट सांगा, लाजू नका. जायला दोन-चार दिवस लागणार असतील तर आज १४४१६ वर फोन करा. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात आणि मराठीत बोलतात. असा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुढचे महिने, वर्षभर म्हणा, जपावं लागतं. मन परत त्याच वाटेने जाऊ शकतं. म्हणून घरात, गोठ्यात, माळ्यावर फवारणीचा एकही डबा राहता कामा नये. तुम्ही लिहिलंय, अर्धा डबा गोठ्यात आहे. तो आजच्या आज भावाकडे कुलपात गेला पाहिजे. या हंगामात फवारणी तुम्ही करू नका, मजुरीने करून घ्या, आणि आणणाऱ्याने त्या दिवसापुरतंच आणावं.

"गोळी म्हणजे विश्वास कमी" असं सांगणाऱ्या भावाला एक विचारा: तुम्ही शुगरची गोळी घेता का? मी विचारलंय अशा माणसांना. घेतात.

तुम्हाला पवित्र शास्त्रातलंच हवं असेल तर एलीया काढा, पहिले राजे, १९ वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा दुसऱ्याच दिवशी जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवदूत येतो. तो काय करतो? प्रवचन देत नाही. "तुझा विश्वास कुठे गेला" असं विचारत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग पुन्हा उठवून पुन्हा जेवू घालतो. त्यानंतर चाळीस दिवसांची वाट, त्यानंतर डोंगर, आणि कुठे त्यानंतर देव त्याला पुढचं काम सांगतो. भाकर, झोप, भाकर, चाल, आणि मग काम. मी नर्स असल्यामुळे मला तो अध्याय डिस्चार्जच्या कागदासारखा वाटतो.

आता "कशामुळे". पूर्वजांच्या पापाचं जे तुम्हाला सांगितलं गेलं, त्याला उत्तर द्यायची गरजच नाही, कारण ते येशूने देऊन ठेवलंय. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. योहान, नववा अध्याय. त्या ज्येष्ठांना तो अध्याय मोठ्याने वाचायला सांगा, भांडू नका. तुमच्याबाबतीत कारणं तशी लपलेली नाहीत. दोन हंगाम, सावकाराचं व्याज आणि एकट्याने गिळलेली काळजी. त्यात पूर्वज कुठून आले? सावकाराकडे परवाना आहे का ते बघा. नसेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे, सहकारी संस्थांचं जे कार्यालय असतं तिथे, तक्रार करता येते. प्रार्थनाही करा. पण अर्ज करा.

माझंच सांगते. १९९८ साली माझे मिस्टर गेले, एसटीत वाहक होते, ४१ वर्षांचे. सकाळी ड्युटीवर गेले आणि दुपारी निरोप आला. दफनाच्या वेळी एका उपदेशकांनी सांगितलं की देवाला आपल्या बागेसाठी चांगलं फूल हवं होतं. मला तेव्हा वाटलं, ज्या देवाला माझ्या दोन पोरांच्या बापापेक्षा फूल महत्त्वाचं, त्याच्या दारात मी कशाला जाऊ? आणि नाही गेले. चौदा महिने उपासनेला पाय टाकला नाही. दवाखान्यात मात्र जात होते, कारण पगार लागत होता. त्यात काही आध्यात्मिक नव्हतं.

तेव्हा माझी बदली नुकतीच कुष्ठरोगाच्या वॉर्डात झाली होती. आमच्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे, परतवाड्याजवळचं कोठारा विदर्भात सगळ्यांना ठाऊक असतं. औषधं १९८० च्या दशकातच आली होती. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. पण पायाची गेलेली जाणीव परत येत नाही. काटा रुततो, निखारा लागतो, माणसाला पत्ता नसतो, आणि तळव्याला भोक पडतं. त्यावर उपाय अगदी साधा आणि रोजचा. पाय पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी खरवडायची, तेल लावायचं, पट्टी बांधायची. उद्या पुन्हा.

मेळघाटातली एक कोरकू म्हातारी होती. तिची पट्टी सकाळी सहाला माझ्याकडे असायची. मी तिचा पाय भिजवत असताना तिला पायात काहीच कळायचं नाही, म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस म्हणाली, "बाई, आज रो के आई क्या?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "झूठ मत बोल." बस, एवढंच. नंतर ती रोज माझी वाट बघायची, आणि उशीर झाला की रागवायची. म्हणून मी वेळेवर जाऊ लागले. पहाटे पाचला उठायला मला तेवढं कारण पुरलं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, घंगाळ आणि पंचा, हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. पण त्या काळात ते एकदाही डोक्यात आलं नाही. तेव्हा फक्त वास यायचा. काही वर्षांनी एका गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तो उतारा वाचला जात होता, आणि माझ्या बोटांना त्या म्हातारीची टाच आठवली.

हेतू म्हणतात तो मला असा, उलट्या बाजूने भेटला. आधी तो सापडला आणि मग मी सेवेला निघाले, असं झालंच नाही. आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांचं असंच झालंय. देवाने हे का केलं या प्रश्नाचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. ते मिळेल तेव्हा उठू असं ठरवलं असतं तर मी अजून अंथरुणातच असते. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच पानावर लिहितो की आपल्याला मिळालेल्या सांत्वनाने आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं. नीट वाचा, तो सांत्वनाबद्दल बोलतोय. जे मिळालं ते द्यायचं. तुम्हाला अजून नीट मिळालेलंच नाही, आणि लोक तुमच्याकडून वाटप सुरू करून बसलेत.

यावरून साक्षीकडे येते. भाऊ, ती तूर्त थांबवा.

खोल जखम तळातून भरून यावी लागते. वरची कातडी आधी मिटली तर बघणाऱ्याला बरं दिसतं, पण आत पू साचतो. म्हणून आम्ही अशा जखमेत गॉजची वात भरून तिचं तोंड मुद्दाम उघडं ठेवतो आणि वर पट्टी बांधतो. पट्टी यासाठी की येणाऱ्या-जाणाऱ्याने ती उघडून बघू नये. दर रविवारी माईकवर उभं राहून "मी असा होतो, आता असा आहे" म्हणणं म्हणजे कातडी लवकर मिटवणं आहे. टाळ्या होतात, हालेलूया होतं, आणि सोमवारी रात्री तुम्ही जागे. शिवाय त्या सभेत पोरं बसलेली असतात, कर्जात बुडालेले बाप बसलेले असतात. काय प्यायलो, कसं प्यायलो हे माईकवरून सांगणं धोक्याचं आहे. ऐकणाऱ्यातल्या कुणाला ते वाट दाखवल्यासारखं होतं. पुढे कधी बोललात तरी तो भाग कायमचा गाळा.

पाळक साहेबांना नाही म्हणणं जड जाईल, मला कळतं. त्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांनाही मंडळीला काहीतरी जिवंत दाखवायचं असतं. त्यांना एकट्यात भेटा आणि म्हणा, "साहेब, जखम ओली आहे अजून. वर्षभर मला मागच्या बाकावर बसू द्या." चांगले पाळक ऐकतात. नाही ऐकलं तर त्या दिवशी उशिरा जा आणि दारापाशी बसा, हे मीच शिकवलं म्हणून सांगू नका.

आपल्या अमरावतीच्या शेंडगावचे गाडगेबाबा. ते ख्रिस्ती नव्हते आणि मला त्यांना ख्रिस्ती करायचंही नाही. पण त्यांचा क्रम आमच्या माहेरी सगळ्यांच्या तोंडी होता: दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं. खराटा आधी. गावाने त्यांना झाडताना बघितलेलं असायचं, म्हणून रात्रीचं कीर्तन ऐकायला लोक बसायचे. तुमच्याकडून मंडळीने कीर्तन आधी मागितलंय. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही बघा. त्याने तीनदा येशूला नाकारलं, आणि पुनरुत्थानानंतर येशू त्याला भेटला तेव्हा कोळशावर मासळी भाजत होता. आधी म्हणाला, या, न्याहारी करा. खाणं झाल्यावर मग तो प्रश्न, तीनदा, आणि काम दिलं ते मेंढरं चारायचं. यरुशलेमेत उभं राहून भाषण पेत्राने केलं, पण ते नंतर.

घाई नको म्हणते त्याला आणखी एक दाखला आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात गेले, मागोमाग बहीण. पुढे १८८२ मध्ये नवराही गेला, लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या, ज्याची राजधानी तेव्हा आपलं नागपूर होती, आणि उपाशी पोरींना शोधून केडगावला घेऊन गेल्या. त्या पोरींच्या डोळ्यांत काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. पण मध्ये किती वर्षं गेली ती मोजा. वीसहून जास्त. त्या काळात त्या शिकल्या, परदेशी गेल्या, चुकल्या, भांडल्या, शाळा काढली. दुःख झालं आणि दुसऱ्या दिवशी संस्था उभी राहिली, असं काही घडलं नाही.

शेत मक्त्याने देऊन पूर्णवेळ सेवा: माझं उत्तर नाही. निदान दोन वर्षं नाही. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. तुमच्या यवतमाळला १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं मोठी सेमिनरी, म्हणजे पाळकांचं विद्यालय, होती, पुढे ती पुण्याला गेली; तिथे शिकून गेलेले जुने पाळक मला दवाखान्यात भेटायचे आणि एकच सांगायचे, ज्याला दुसरं काही जमेना म्हणून तो सेवेत आला, त्याला सेवाही जमली नाही. कडू आहे, पण खरं आहे. तुम्ही शेतीला कंटाळून, लोकांच्या नजरांना कंटाळून निघताय की बोलावलं म्हणून निघताय, हे तुम्हाला आत्ता झोप नसलेल्या डोक्याने ठरवता येणार नाही.

मग काय करायचं? आठवड्यातून एक दिवस, एक तास, एक घर. एवढंच. तुमच्या पाच-सात किलोमीटरच्या परिसरात असं एखादं घर असेलच. तिथे तुमच्याकडे असं काही आहे जे माझ्याकडे एकतीस वर्षांच्या नोकरीनंतरही नाही. तुम्हाला ती रात्र माहीत आहे. त्यावर बोलायची गरज नाही, समोरच्याला ते कळतं. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. तुम्ही जा, चहा घ्या, ढोरांचं विचारा, उठा.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत कामं आपोआप समोर येतात, आणि ती बहुतेक कागदाची असतात. नवरा गेलेल्या बाईला वारसाचा फेरफार कसा करतात माहीत नसतं, सातबारावर नाव चढलेलं नसतं, आणि दीर-सासऱ्यांना ते चढायला नको असतं. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर एक लाखाची मदत मिळते. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण कर्ज बिनपरवाना सावकाराचं असलं, की प्रकरण अपात्र ठरू शकतं, आणि बाईला ते कळवायलाही कुणी येत नाही. ती वर्षभर वाट बघत असते. तिच्यासोबत तहसीलला जाऊन "काय झालं" एवढं विचारणं ही सेवा आहे. अपात्र असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देणं. महिन्याला १५०० रुपये फार नाहीत, पण ते तिच्या नावावर येतात. तुम्ही दहावी झालेले आहात, तुम्हाला अर्ज वाचता येतो. बायबल स्कूलला न जाता उद्यापासून करता येण्यासारखं हे काम आहे. प्रेषितांच्या काळात पहिली सेवेकऱ्यांची नेमणूक झाली तीही कशासाठी? विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार होती म्हणून. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. सात जण नेमले, ते पंगत नीट वाढण्यासाठी.

विधवा बाईच्या घरी एकटे जाऊ नका. बायकोला सोबत न्या. गाव कसं बोलतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्याचा त्रास तुमच्यापेक्षा तिला होतो.

पैसे देऊ नका, कुणाला जामीन राहू नका. नीतिसूत्रांत त्याविरुद्ध इतक्या वेळा लिहिलंय की शलमोनाला कुणीतरी चांगलंच बुडवलं असावं असं मला नेहमी वाटतं.

देताना कसं द्यायचं हे मी एका बाईकडून शिकले. आमच्या तालुक्यातलीच. आम्ही दर महिन्याला तांदूळ-डाळीची पिशवी घेऊन जायचो, आणि ती दर महिन्याला जास्त गप्प व्हायची. एकदा म्हणाली, "सिस्टर, पोट भरते, पण मान खाली जाते. मले फुकटचं नको ना बाई." त्या रात्री मी बायबलमधलं रूथ नावाच्या विधवेचं पुस्तक वाचत बसले. शास्त्रात कापणीचा नियम आहे की शेताचे कोपरे कापू नका आणि पडलेला सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. आपल्याकडे सोयाबीन निघालं की बाया सरवा वेचायला जातात, तेच. रूथ ज्या शेतात वेचायला गेली त्याचा बवाज मालक होता, मनात आणलं असतं तर रूथच्या घरी एक पोतं पाठवू शकला असता. त्याने गड्यांना हळूच सांगितलं, पेंढ्यांतलं थोडं मुद्दाम पडू द्या, आणि तिला बोलू नका. ती स्वतः वेचते, स्वतः झोडपते, डोक्यावर घेऊन सासूकडे जाते. मान वर ठेवून. पुढच्या महिन्यात आम्ही त्या बाईकडे पिशवी नेली नाही. नाताळासाठी मंडळीला शेवया आणि चकल्या हव्यात, करून देतेस का, असं विचारलं. भाव तिने सांगितला, आणि तो आम्हाला जरा जास्तच वाटला. आम्ही दिला. आता ती बस स्टँडवरच्या दोन दुकानांना माल देते आणि आमच्यासोबत घरभेटीला येते. ती उपासनेला येत नाही; ती बौद्ध आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला जाते. आमचं काही अडलेलं नाही.

तुमच्याही बाबतीत सांगून ठेवते. ज्या घरी जाल ते कुठल्या धर्माचं आहे याचा आणि तुमच्या कामाचा संबंध नसावा. माझं बायबल पिशवीत असतं, हातात नसतं. कुणी विचारलं, तुम्ही हे का करता, तर सरळ सांगते. नाही विचारलं तर नाही सांगत. अर्जाच्या बदल्यात प्रार्थना ऐकून घ्यायला लावणं हा व्यवहार झाला, आणि दुःखातल्या माणसाशी व्यवहार करणं मला पाप वाटतं. हल्लीच्या वातावरणात ते धोक्याचंही आहे, पण मी धोक्यामुळे सांगत नाही.

एखाद्या घरात कुणी म्हणेल, "आता जगून काय करू." तेव्हा विषय बदलू नका. सरळ विचारा, मरायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेक वेळा माणूस सुस्कारा सोडतो की कुणीतरी विचारलं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, घरातलं औषध बाहेर काढायला लावा, १४४१६ लावून फोन त्याच्या हातात द्या. काही घेतलंच असेल तर आधी १०८. आणि त्या रात्री तुम्ही स्वतः एकटे राहू नका. अशी भेट तुम्हाला मागे ओढेल. तसं झालं तर दोन आठवडे घरभेटी बंद, डॉक्टरांकडे जा. येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला तेल-द्राक्षारस लावला, जनावरावर घातलं, धर्मशाळेत नेलं, रात्रभर बघितलं, आणि सकाळी मालकाला दोन दिनार देऊन आपल्या वाटेने गेला. तिथे मुक्काम ठोकून बसला नाही. ही ओळ उपदेशात कुणी सांगत नाही, मला मात्र ती फार धीर देते.

प्रार्थना येत नाही असंही तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय. नाही आली तर नाही. ८८ वं स्तोत्र वाचा. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी उजेडाकडे वळतात, हे वळत नाही. अंधारावर संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, म्हणजे तसं म्हणणाऱ्यालाही तिथे जागा आहे. ते मोठ्याने वाचणं ही तुमची प्रार्थना झाली, त्याला आणखी काही जोडू नका.

बाप्तिस्मा घेऊ का, हेही विचारलंत. ते तुमचं आणि देवाचं, पण घाई नको एवढं म्हणेन. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला, १८९३ साली. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला. एवढा विद्वान माणूस, त्यालाही वाचायला, भांडायला, पटायला वेळ लागला. पण त्यांनी एक गोष्ट केली ती तुम्ही करू नका. बायकोला न विचारता, न सांगता केलं. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या, काय काय सोसलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. नवऱ्याला मार्ग सापडला आणि बायकोला वनवास. तुमच्या घरी ती आधीपासून ख्रिस्ती आहे, त्यामुळे बाप्तिस्म्याला ती नाही म्हणणार नाही. पण शेत मक्त्याने द्यायचं तिला सांगितलंय का? तुमच्या पूर्ण पत्रात तिचं मत कुठेच नाही. ती फक्त रात्री उठते.

सुरुवात कुठून करू, असं विचारलं होतंत. गोठ्यातला तो डबा आज संध्याकाळच्या आत भावाकडे पोचता करा, आणि पोचवताना तिला सोबत न्या. तिने डोळ्यांनी बघू दे, कुलूप लागताना. मग उद्याची एसटी किती वाजता आहे ते दोघं मिळून बघा, जिल्ह्याच्या दवाखान्याची. महिनाभराने मला कळवा, आणि त्या वेळी चार ओळी तिलाही लिहू द्या. तिला आता सलग किती तास झोप लागते, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.